फॉर्मवर कुणाचं नाव

अरुणाताई रामटेके भौतिकशास्त्रात डॉक्टरेट आहेत आणि ड्रेस्डेनमधल्या एका संशोधन संस्थेत एकवीस वर्षं धातूंच्या अतिशय पातळ थरांवर काम करतात. इथल्या मराठी लोकांपैकी निम्म्यांना हे माहीत नाही. त्यांच्या दृष्टीनं अरुणाताई म्हणजे अकरावी-बारावीवाल्या ताई. मूल दहावीत गेलं की कुणीतरी त्यांचा नंबर पाठवतं आणि खाली लिहितं, ‘आधी यांच्याशी बोला, मग पुण्याला फोन करा.’

मलाही तो नंबर असाच मिळाला. आमची मैथिली पाचवीत असताना आम्ही इथे आलो. माझा नवरा चारुदत्त सॉफ्टवेअरमध्ये, मी घरून थोडं अनुवादाचं काम करते, इंग्रजीतून मराठीत. माझं जर्मन दुकान आणि डॉक्टर यांच्यापुरतं बरं आहे. शाळेतून आलेलं पत्र मी तीनदा वाचते आणि चौथ्यांदा काळजी करते.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता त्यांच्या घरी पालक जमतात. दाराबाहेर जिन्यात चपला-बुटांची रांग लागते आणि खालच्या मजल्यावरच्या आजीबाई दर वेळी एकदा दार उघडून बघतात. चहा असतो आणि दुकानातला केक. पोहे अरुणाताई मुद्दाम करत नाहीत. पोहे केले तर लोक पोह्यांसाठी येतात, असं त्यांचं म्हणणं.

पुण्या-मुंबईकडून आलेल्या आम्हा लोकांची चूक एकच असते आणि ती त्यांना पाठ आहे. आपल्याकडे बारावी म्हणजे शेवटची परीक्षा. अकरावी हे विश्रांतीचं वर्ष. इथे गिम्नाझियुमच्या, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेच्या, शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येक सत्राचे, प्रत्येक विषयाचे पंधरापैकी गुण साठत जातात आणि शेवटच्या निकालात मोठा वाटा त्यांचाच असतो. “बारावी बारावीत नसते,” त्या म्हणतात. “अकरावीच्या पहिल्या दिवशी सुरू झालेली असते. तुम्ही क्लास शोधता तोवर अर्धी होऊन जाते.”

मग विषयांची निवड. दोन विषय मुख्य म्हणून घ्यायचे, ज्यांना इथे लाइस्टुंग्सकुर्स म्हणतात; त्यांचे तास जास्त आणि वजनही जास्त. या निवडीसाठी अरुणाताईंची एक पद्धत आहे. त्या शाळेच्या फॉर्मच्या कोऱ्या प्रती आणून ठेवतात आणि आईबापांना तो स्वतःसाठी भरायला लावतात. आपण सोळा वर्षांचे आहोत, कुणी विचारणार नाही, ओरडणार नाही, असं समजून. चारुदत्तनं इतिहास आणि चित्रकला लिहिली. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस. खोलीत हशा झाला, तोही हसला, आणि मग बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. मी काय लिहिलं ते मी दाखवलं नाही.

“आता घरी जा,” त्या दिवशी ताई म्हणाल्या, “आणि मुलाच्या फॉर्मवर त्याचे विषय आहेत की तुमची कॉलेजची शाखा, ते बघा.”

मैथिलीनं फिजिक्स आणि जर्मन घेतलं होतं. दोन्हींतलं मला काही येत नाही, म्हणून आम्ही सुटलो.

त्यांच्या घरचा एक नियम आहे. दुसऱ्याच्या मुलाची बातमी तिथे आणायची नाही आणि तिथून न्यायची नाही. याला कारण घडलं होतं. सिद्धेश नावाचा एक मुलगा अकरावीत मागे पडला आणि त्यानं एक वर्ष मागच्या वर्गात बसायचं ठरवलं. इथे हे सरळ करता येतं, त्यात कुणी नाक मुरडत नाही. पण मंडळाच्या गणपतीत कुणीतरी ते ‘बिचारा’ म्हणून सांगितलं, आरती संपेपर्यंत ते सगळ्यांना कळलं आणि आठवड्याभरात नाशिकला त्याच्या आजीलाही. तो मुलगा नंतर मराठी लोकांच्या कुठल्याही कार्यक्रमाला आला नाही. मोठ्यांनी सहानुभूती दाखवली, तिचं ते फळ, असं अरुणाताई म्हणतात. तेव्हापासून आपलं मूल घरी येऊन दुसऱ्याच्या मुलाबद्दल काही बोललं, तर ते आपल्यापाशीच राहिलं पाहिजे.

त्या मूळच्या नागपूरच्या. वडील कापडगिरणीत होते. मुलीनं शिकावं म्हणून त्यांनी जे करता येईल ते केलं, पण तिच्या कॉलेजात कधी पाऊल टाकलं नाही. आपण आत गेलो तर पोरीचं काही बिघडेल, असं त्यांना वाटायचं. निकालाच्या दिवशी ते फाटकाबाहेर सायकल धरून उभे राहायचे आणि ती बाहेर आली की तोंडावरून समजून घ्यायचे. अरुणाताईंनी हे मला एकदाच सांगितलं, तेही एल्टर्नश्प्रेखटागबद्दल बोलताना. हा शाळेतला पालकभेटीचा दिवस. दहा-दहा मिनिटांच्या वेळा वाटून दिलेल्या असतात, वर्गाबाहेर कॉरिडॉरमध्ये खुर्च्या मांडलेल्या असतात, आत शिक्षक आपल्यासमोर बसतात. अरुणाताईंनी संघर्ष पहिलीत गेल्यापासून असा एकही दिवस चुकवला नव्हता. समोर खुर्ची देतात आणि नावानं हाक मारतात, हे त्यांना आवडायचं.

संघर्ष हा त्यांचा एकुलता मुलगा. जन्म ड्रेस्डेनचा, उंच, कमी बोलणारा. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. घरात मोकळेपणा असल्यामुळे त्याचं आपल्यापासून काही लपून राहत नाही, असं अरुणाताई सांगायच्या आणि आम्ही हेव्यानं ऐकायचो. सुदामभाऊ, त्यांचे यजमान, चिप बनवण्याच्या कारखान्यात पाळीवर असतात. शनिवारच्या बैठकीत ते कपबशा उचलतात आणि जाता जाता एखादं वाक्य टाकतात. “मॅडमचा सल्ला फुकट असतो, पण परत करता येत नाही,” हे त्यांतलंच.

संघर्ष आणि मैथिली एकाच शाळेत, एकाच फिजिक्सच्या वर्गात. तो सप्टेंबरमध्ये अठरा वर्षांचा झाला.

अठरावं वर्ष इथे मोठं असतं. राज्याराज्यांत आणि शाळाशाळांत थोडा फरक आहे, पण आमच्या शाळेची पद्धत अशी, की मूल सज्ञान झालं की गैरहजेरीची चिठ्ठी ते स्वतःच्या सहीनं देतं. आणि शाळा त्याच्या अभ्यासाबद्दल आईबापांशी बोलत नाही. बोलावं असं मुलाला वाटत असेल तर एक संमतीचा फॉर्म असतो. माझ्याबद्दल अमुक व्यक्तीला माहिती द्यायला हरकत नाही, असं त्यावर मुलानं लिहून द्यायचं. हा फॉर्मही अरुणाताईंकडे गठ्ठ्यानं असतो. वाढदिवसाच्या आधी मुलाशी बोला, असं त्या सगळ्यांना सांगत आल्या. स्वतःच्या घरी त्यांनी तो काढला नव्हता. गरज वाटली नव्हती.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मैथिली जेवताना अर्ध्यामुर्ध्या जर्मनमध्ये सहज बोलून गेली. संघर्ष ऑक्टोबरपासून फिजिक्सच्या तासाला येत नाहीये. चिठ्ठ्या देतो, शाळेच्या वेळात शहराच्या ग्रंथालयात जाऊन बसतो. आधीच्या पेपरात त्याला पंधरापैकी तीन गुण पडले होते आणि सत्राचा मोठा पेपर तर त्यानं दिलाच नाही. तो पुन्हा द्यायची तारीख मिळाली आहे, डिसेंबरचा दुसरा शुक्रवार. तोही चुकवला तर शून्य. मुख्य विषयाचं सत्र शून्यावर गेलं तर या वर्षी शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही. हे सगळं ती वरणाला चव नाही म्हणावं अशा आवाजात बोलली आणि मग तिच्या लक्षात आलं की मी जेवायची थांबले आहे.

“तू कुणाला सांगणार नाहीस,” ती म्हणाली. हे मात्र मराठीत.

मी खरं ते लिहिते. मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की हे मैथिलीचं नाही. दुसऱ्यांदा वाटलं, की अरुणाताईंना माहीत नाही. नियम त्यांचाच होता. मी तीन आठवडे त्या नियमाच्या आड बसले. त्या काळात दोनदा त्यांच्याशी फोनवर बोलले. दोन्ही वेळा त्यांनी मैथिलीची चौकशी केली आणि मी संघर्षची केली नाही. ‘कसा आहे?’ एवढंही विचारलं नाही. ते त्यांच्या लक्षात आलं होतं, हे नंतर कळलं.

नोव्हेंबर संपता संपता पालकभेटीचा बुधवार आला. फिजिक्सचे शिक्षक हेर, म्हणजे श्रीयुत, नॉयबर्ट. मैथिलीला अजून अठरा वर्षं पूर्ण झाली नव्हती, त्यामुळे मला वेळ मिळाली होती, सव्वापाच ते पाच पंचवीस. चारुदत्त प्रवासात होता. शिक्षकांचं इथल्या साक्सनी बोलीच्या वळणाचं जर्मन मला नीट कळणार नाही म्हणून मी अरुणाताईंना दुभाषी म्हणून सोबत यायला सांगितलं. त्यांनी स्वतःच्या संघर्षसाठी ऑनलाइन वेळ घ्यायचा प्रयत्न केला होता, पण त्याचं नाव यादीत दिसत नव्हतं. काहीतरी बिघाड असेल, असं त्या ट्राममध्ये म्हणाल्या. नाहीतरी तुझ्याबरोबर आत येतेच आहे, दोन शब्द त्याच्याबद्दलही विचारते.

मी तेव्हाही काही बोलले नाही.

आम्ही आत गेलो. हेर नॉयबर्ट साठीच्या आसपासचे, स्वेटरच्या कोपरांना चामड्याची ठिगळं. ते उठून उभे राहिले, हात मिळवले आणि अरुणाताईंकडे बघून सावकाश बोलले. सावकाश बोलले म्हणून मलाही कळलं. तुम्ही आलात ते बरं झालं, फ्राऊ रामटेके. पण संघर्षबद्दल मला आज तुमच्याशी काही बोलता येणार नाही. तो सज्ञान आहे आणि त्याची संमती आमच्याकडे नाही. मला याचं वाईट वाटतं.

अरुणाताईंनी अजून काही विचारलंच नव्हतं.

चांगलं चाललेल्या मुलाबद्दल कुणी असं बोलत नाही. हे मला जेवढ्या वेळात समजलं, त्याच्या निम्म्या वेळात त्यांना समजलं असणार. त्यांनी हातातली पिशवी खुर्चीच्या पायाशी ठेवली. “गेनाऊ,” त्या म्हणाल्या. बरोबर आहे. “मी आज फ्राऊ गोडबोलेंची दुभाषी म्हणून आले आहे.”

पुढची दहा मिनिटं त्यांनी मैथिलीबद्दल दुभाष्याचं काम केलं. मैथिली प्रयोगात चांगली आहे, लिहिताना घाई करते, तोंडी उत्तर देताना हात वर करत नाही. एक वाक्य शिक्षकांकडून, एक माझ्याकडून. एका ठिकाणी मी घाबरून एकच प्रश्न दोनदा विचारला, तर ताईंनी तो दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत विचारला, म्हणजे मी मूर्ख दिसू नये. एक शब्द गळला नाही. घड्याळात पाच पंचवीस झाले तेव्हा त्याच आधी उठल्या.

बाहेर थंडी होती. ट्रामच्या थांब्यावर आम्ही दोघीच.

“शुभदा, मैथिलीनं तुला काही सांगितलंय का?”

मी हो म्हटलं.

“केव्हा?”

“तीन आठवडे होऊन गेले.” मी म्हटलं, “ताई, तुमचाच नियम म्हणून मी...”

“मग आताही सांगू नकोस.”

“पण एक तारीख आहे, तेवढी तरी...”

त्यांनी हात वर केला. “नियम लोकांच्या पोरांसाठी केला आणि माझ्या पोरासाठी मोडला, असं नको व्हायला. तू काऊन रडून राहिली? माझा मुलगा आहे तो.”

रडत मी होते, हे खरं. त्यांनी मला पिशवीतून कागदी रुमाल काढून दिला आणि ट्राम येईपर्यंत आपल्या संस्थेतल्या एका बिघडलेल्या पंपाबद्दल बोलत राहिल्या.

घरी गेल्यावर त्यांनी काय केलं ते मला बऱ्याच दिवसांनी त्यांच्याच तोंडून कळलं. त्यांनी कोट काढला, गठ्ठ्यातून संमतीचा एक कोरा फॉर्म काढला, संघर्ष जेवायला बसला होता तिथे त्याच्यासमोर ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

“आज नॉयबर्ट सरांनी मला तुझ्याबद्दल काहीही सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. “मीही विचारलं नाही. आत्ताही विचारत नाही. मला कळावं असं तुला वाटत असेल तर हा भर. नसेल वाटत तर भरू नकोस.”

संघर्षनं त्यांच्याकडे बघितलं, फॉर्मकडे बघितलं. “ओके,” म्हणाला आणि जेवण पुरं केलं.

फॉर्म तिथेच राहिला. जेवायच्या वेळी तो उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा, जेवण झालं की परत टेबलावर. एकदा सुदामभाऊंनी चुकून त्यावर लोणच्याची बरणी ठेवली आणि कोपऱ्यात तेलाचा गोल डाग पडला. अरुणाताई सांगत होत्या, की आयुष्यात त्यांना इतकं अवघड काही गेलं नाही. रोज संध्याकाळी घरी येताना काय विचारायचं याची वाक्यं तयार व्हायची आणि दारात आल्यावर त्या फक्त ‘जेवलास का’ एवढंच विचारायच्या.

मी माझ्या परीनं नियम थोडा वाकवला. मैथिलीला म्हटलं, निदान त्याला सांग, की आईला कल्पना आली आहे. तिनं जर्मनमध्ये उत्तर दिलं, की ते त्याला माहीत आहे, आणि याच्याशी आपला काही संबंध नाही. बरोबरच होतं. मी कॅलेंडरवर त्या शुक्रवारी काही लिहिलं नव्हतं, तरी रोज तिथेच बघत होते.

मधला शनिवार महिन्याचा पहिला होता. मला वाटलं ताई बैठक रद्द करतील. केली नाही. जिन्यात चपला, टेबलावर केक, खिडकीच्या कट्ट्यावर तेलाचा डाग पडलेला तो फॉर्म. ताईंनी तो हलवला नव्हता. कौमुदी नावाची एक नवी आई आली होती, गेर्लिंगेनहून नुकतीच इकडे बदली होऊन आलेली. तिचा मुलगा जानेवारीत अठराचा होणार होता. तिनं नेमकं तेच विचारलं.

“मुलानं सहीच केली नाही तर?”

“तर आपल्याला कळत नाही,” अरुणाताई म्हणाल्या.

“मग आपण करायचं काय?”

ताई थांबल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना उत्तराआधी थांबलेलं पाहिलं नव्हतं. कपबशा गोळा करता करता सुदामभाऊ म्हणाले, “स्वयंपाक.” लोक हसले. अरुणाताई हसल्या नाहीत, पण त्यांनी मान डोलावली, आणि कौमुदीनं ते खरोखरच वहीत लिहून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी मैथिली दुपारी दीडला घरी आली. दप्तर ठेवलं, बूट काढले, पाण्याचा ग्लास भरला. पाठमोरीच म्हणाली, “एर वार दा.” तो आला होता.

त्याला त्या पेपरात पुढे चार गुण पडले. चार म्हणजे काठावरही नाही; पण शून्य नाही. सत्र वाचलं. उरलेल्या महिन्यांत बाकीच्या विषयांनी ते सावरून घेतलं तर परीक्षेला बसता येणार होतं. येईलच असं नव्हे.

पेपरानंतरच्या रविवारी संघर्षनं फॉर्म भरला. नवा मागितला नाही, तेलाचा डाग असलेलाच. सही केली, तारीख घातली आणि टेबलावर पालथा न घालता सरळ ठेवला. ‘माहिती कुणाला द्यावी’ या ओळीवर त्यानं एकच नाव लिहिलं होतं. सुदाम रामटेके.

अरुणाताईंनी तो वाचला, घडी घातली आणि शाळेत न्यायला त्याच्या दप्तराशेजारी ठेवला. कारण त्याला विचारलं नाही. दोन दिवसांनी सुदामभाऊंना विचारलं. सुदामभाऊंनीही आधी टाळलं. मग म्हणाले, मी पोराला विचारलं होतं. तो एवढंच बोलला: “बाबांना शाळेतून फोन आला तर ते घरी येऊन चहा करतील. आई उपाय घेऊन येते.”

“खरं आहे ते,” अरुणाताई मला म्हणाल्या. “मी आणतेच उपाय. सगळ्या गावाला वाटते.”

मग त्यांनी मला दोन वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ सांगितली. विषय निवडायचा फॉर्म समोर होता आणि संघर्षनं विचारलं होतं, इतिहास घेऊ का. त्या म्हणाल्या होत्या, घे ना, तुझा निर्णय आहे. त्यानंतर तासभर त्या फिजिक्सबद्दल बोलत होत्या. किती सुंदर विषय आहे, तिसऱ्या मजल्यावरची आपली प्रयोगशाळा तू लहानपणी पाहिलीस तेव्हा तुला किती आवडली होती, वगैरे. जबरदस्ती एका शब्दाची नव्हती. फॉर्म त्यांच्याच पेनानं भरला गेला. शनिवारी येणाऱ्या प्रत्येक आईबापाला त्यांनी स्वतःसाठी फॉर्म भरायला लावला होता. त्या स्वतः कधी त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या नव्हत्या.

जानेवारीच्या बैठकीत त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं. सुरुवातीलाच म्हणाल्या, “संघर्षला विचारून सांगते आहे. त्यानं अर्धंच सांगायची परवानगी दिली आहे, तेव्हा अर्धंच ऐका.” तीन गुण त्यांनी सांगितले नाहीत, ग्रंथालयही नाही. फॉर्म आणि त्यावरचं नाव, एवढंच. “मुलाला फॉर्म द्या. पेनही द्या. पण नाव त्याला लिहू द्या, आणि ते तुमचं नसलं तर त्याच्याकडे कारण मागू नका. शाळेला घरातलं एक माणूस हवं असतं. ते आपणच असलो पाहिजे, असं नाही.” कौमुदीनं हेही लिहून घेतलं. (इथे मी अर्ध्याहून जास्त लिहिलं आहे. लिहिण्याआधी अरुणाताईंना विचारलं, त्यांनी संघर्षला. तो म्हणाला, परीक्षेचं ठरून गेलं की चालेल.)

मैथिली फेब्रुवारीत अठराची झाली. आठवड्याभर आधी मी तिला फॉर्म दिला, पेन दिलं आणि तळघरात मशीनमधले कपडे आणायला गेले. कपडे अजून धुऊन व्हायचे होते. मी तिथे वीस मिनिटं बसले. वर आले तेव्हा टेबल रिकामं होतं. तिनं कुणाचं नाव लिहिलं ते मला तिच्याकडून कळलं नाही. मार्चमध्ये शाळेतून पालकभेटीची वेळ आली, ती माझ्या आणि चारुदत्तच्या, दोघांच्या नावानं, तेव्हा कळलं.

मार्चच्या त्या बुधवारी अरुणाताई पुन्हा माझ्याबरोबर आल्या, दुभाषी म्हणून. चारुदत्तही येणार होता, पण त्याची मीटिंग लांबली. हेर नॉयबर्टनी उठून दोघींशी हात मिळवले. मैथिली आता हात वर करते, घाई तशीच आहे. ताईंनी शब्दाला शब्द सांगितला. आमची दहा मिनिटं संपली आणि आम्ही दाराशी आलो, तेव्हा पुढच्या वेळेचे पालक बाहेर उभे होते. सुदामभाऊ. सकाळच्या पाळीवरून सरळ आलेले, जाकिटाच्या खिशाला अजून कारखान्याचं ओळखपत्र. त्यांचं जर्मन माझ्यापेक्षा थोडंच बरं आहे. घरातल्या शाळेच्या कामांत ते आजवर कधी पडले नव्हते.

“मी आत येऊ का समजावायला?” असं ताईंच्या तोंडावर आलेलं मी पाहिलं. त्या म्हणाल्या नाहीत. सुदामभाऊंच्या जाकिटावरचं ओळखपत्र त्यांनी काढून स्वतःच्या पिशवीत टाकलं आणि बाजूला झाल्या. दार लागलं.

आम्ही कॉरिडॉरमधल्या खुर्च्यांवर बसलो. अरुणाताई पिशवी मांडीवर घेऊन दाराकडे बघत होत्या. त्या एरवी रिकाम्या बसत नाहीत. फोनवर काही वाचतात, नाहीतर कुणाला मेसेज लिहितात. त्या दहा मिनिटांत त्यांनी काहीच केलं नाही. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. एकदा दोघे पुरुष हसल्यासारखं वाटलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची नजर दाराच्या मुठीवर होती.

मूठ फिरली. सुदामभाऊ बाहेर आले, दार हळू ओढून घेतलं. ताई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडाकडे बघू लागल्या.

“बसतोय परीक्षेला,” सुदामभाऊ म्हणाले. “बाकीचं सांगायचं तर तो सांगेल.”

ताईंनी पिशवीतून ओळखपत्र काढून त्यांच्या हातात दिलं, हातमोजे चढवले आणि ट्रामला किती मिनिटं आहेत ते मला विचारलं.